पडद्यावरचा उजेड : घरच्या प्रक्षेपकाची साडेतीनशे वर्षे

आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेला माजी विद्यार्थ्यांनी देणगीतून एक प्रक्षेपक, म्हणजे रोजच्या बोलीतला प्रोजेक्टर, भेट दिला. खोक्यावर दोन आकडे ठळक छापले होते : ‘३००० ल्यूमेन’ आणि ‘कॉन्ट्रास्ट १०,००० : १’. उद्घाटन भर दुपारी झाले. आठवीच्या मुलांना पेशीविभाजनाची चित्रे दाखवायची होती. पडद्यावर मात्र फिकट राखाडी डाग तेवढे दिसले. गुणसूत्रे कुठली आणि पेशीद्रव्य कुठले, ते मागच्या बाकांवरून कळेना. मुख्याध्यापकांनी आम्हाला विचारले, “यंत्र बदलून ६००० ल्यूमेनचे आणावे का?” त्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक होती.

प्रश्न व्यवहाराचा होता, पण त्याचे उत्तर इतिहासात आणि प्रकाशशास्त्रात आहे. भिंतीवर चित्र पाडणाऱ्या यंत्रांची तुलना लोक कशाच्या आधारे करत आले? ‘चांगले चित्र’ म्हणजे काय, आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत? ही कहाणी साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

हायगेन्सचा संकोच

शनीच्या कड्याचे खरे स्वरूप ओळखणारा डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आपल्याला माहीत असतो. त्याच्या १६५९ सालच्या कागदांत एका सापळ्याची छोटी छोटी चित्रे आहेत. हा सापळा आपली कवटी धडावरून उचलतो आणि परत बसवतो. बहिर्वक्र भिंगांच्या साहाय्याने कंदिलातून दाखवण्यासाठी ही चित्रे होती. ‘जादूचा कंदील’ म्हणून पुढे युरोपभर पसरलेल्या यंत्राचा हा सर्वांत जुना विश्वसनीय पुरावा मानला जातो.

गंमत अशी, की हायगेन्सला या शोधाचा अभिमान नव्हता, संकोच होता. १६६२ साली वडिलांनी असा कंदील मागितला, तेव्हा त्याने भावाला लिहून कळवले, की एखादे भिंग काढून ठेव, म्हणजे यंत्र चालणार नाही. असले खेळणे आपल्या घराण्याच्या नावाशी जोडले जाऊ नये, असे त्याला वाटे. पुढे थॉमस वॉल्गेनस्टेन या डॅनिश गृहस्थाने गावोगावी त्याचे खेळ केले आणि कंदिलाचे नाव झाले.

या कंदिलात आजच्या प्रक्षेपकाचे सारे भाग होते. दिवा, त्यामागे परावर्तक आरसा, पुढे प्रकाश गोळा करणारे भिंग, काचेवर रंगवलेले चित्र आणि ते पडद्यावर मोठे करणारे भिंग. उणीव होती ती प्रकाशाची. तेलाच्या दिव्याचा थोडासा उजेड मोठ्या भिंतीवर पसरला, की तो विरळ होई. चित्राची लांबी आणि रुंदी दुप्पट केली, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला पाव प्रकाश येतो. या हिशोबातून आजवर कोणतेही यंत्र सुटलेले नाही.

मोठा दिवा की छोटा दिवा?

मग मोठी ज्योत लावली तर? येथे प्रकाशशास्त्र आडवे येते. ज्योतीच्या मधल्या भागातून निघालेले किरण चित्रातून आणि पुढच्या भिंगातून नीट पार होतात. पण ज्योत रुंद असेल, तर तिच्या कडेच्या किरणांची दिशा जुळत नाही आणि ते कंदिलातच वाया जातात. म्हणून प्रक्षेपकाला नुसता भरपूर प्रकाश देणारा दिवा उपयोगाचा नसतो. भरपूर प्रकाश अगदी लहानशा जागेतून देणारा दिवा लागतो.

एकोणिसाव्या शतकात असा दिवा मिळाला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या ज्योतीत चुनकळीचा तुकडा तापवला, की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. थॉमस ड्रमंड याने १८२०च्या दशकात आयर्लंडच्या भूमापनात हा दिवा वापरला, तेव्हा तो सुमारे शंभर किलोमीटरवरून दिसला. तप्त चुन्याचा ठिपका बोटाच्या पेराहून लहान, म्हणूनच तो कंदिलाला फार मानवला. त्यानंतर विजेचा कमानदिवा आला. त्यात दोन कर्बकांड्यांच्या टोकांमधील जागा त्याहूनही लहान आणि त्याहूनही तेजस्वी असे.

महाराष्ट्रातही या कंदिलाने स्वतःचे रूप घेतले. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी आणि खरोलिका म्हणजे कंदील. काचेवर हाताने रंगवलेली पुराणकथांतली चित्रे पडद्यावर येत आणि सोबत निवेदन चाले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तरीही शांबरिक खरोलिका लगेच मागे पडली नाही, पुढेही बरीच वर्षे ती चालू राहिली. त्या काळच्या प्रेक्षकासमोर एक निवड होती : हलणारे पण काळेपांढरे आणि लुकलुकणारे चित्र पाहायचे, की स्थिर पण रंगीत आणि रेखीव चित्र? चित्राच्या दर्जाला एकच मोजपट्टी पुरत नाही, हे तेव्हाही दिसत होतेच.

घरात शिरण्याआधी आग विझवावी लागली

सिनेमा घरात नेण्यात पहिली अडचण आगीची होती. सुरुवातीच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. या पदार्थाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे तो एकदा पेटला, की पाण्याखालीही जळत राहतो. दिव्यांचीही भीती होतीच. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात चलच्चित्र यंत्राच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. असले यंत्र दिवाणखान्यात कोण ठेवणार?

फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ साली ‘कोक’ हा घरगुती प्रक्षेपक आणला. त्याची फीत सहज न पेटणाऱ्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. ती मुद्दाम २८ मिलिमीटर रुंद ठेवली होती, म्हणजे ३५ मिलिमीटरची धोकादायक फीत चुकूनही या यंत्रात बसू नये. ज्या घरी वीज नसेल त्यांचीही सोय होती. हाताने दांडा फिरवला, की फीत पुढे सरके आणि त्याच दांड्याने फिरणाऱ्या जनित्रावर दिवा लागे. हात मंदावला की चित्रही मंदावणार आणि उजेडही.

खरी स्वस्ताई आली ती फीत अरुंद झाल्यावर. १९२२ च्या नाताळात पाथेने ९.५ मिलिमीटर फितीचा ‘पाथे-बेबी’ बाजारात आणला. १९२३ साली कोडॅकने १६ मिलिमीटरची फीत, कॅमेरा आणि प्रक्षेपक आणला. कॅमेरा, प्रक्षेपक, तिवई आणि पडदा असा पूर्ण संच ३३५ डॉलरला मिळे. ती रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. मग १९३२ च्या मंदीत कोडॅकने ८ मिलिमीटर आणली. त्यात १६ मिलिमीटरचीच फीत आधी एका अर्ध्या भागावर आणि मग उलटून दुसऱ्या अर्ध्या भागावर वापरत.

या स्वस्ताईची किंमत चित्राने कशी मोजली, ते पाहू. ३५ मिलिमीटरच्या मूकपटाची एक चौकट सुमारे २४ × १८, म्हणजे ४३२ चौरस मिलिमीटर. १६ मिलिमीटरची सुमारे ७७, ९.५ ची सुमारे ५५ आणि ८ मिलिमीटरची अवघी १७. सेकंदाला १६ चौकटी या गतीने एक मिनिट दाखवायला ३५ मिलिमीटरची ६० फूट फीत लागे, १६ ची २४ फूट आणि ८ ची १२ फूट. ८ मिलिमीटरच्या मालकाचा खर्च एवढा कमी होई, पण त्याच पडद्यावर तेवढेच मोठे चित्र पाडायला त्याला छोटी चौकट १६ मिलिमीटरच्या दुप्पट फुगवावी लागे. फितीवरचे चांदीचे कणही दुप्पट मोठे दिसत आणि चित्र रवाळ होई. इतर सर्व सारखे ठेवले, तर छोट्या चौकटीतून जाणारा प्रकाशही सुमारे चौथ्या हिश्श्यावर येई.

या अंकांत ९.५ मिलिमीटर विशेष लक्ष देण्याजोगी आहे. रुंदीने ती १६ पेक्षा बरीच लहान, तरी तिची चौकट फार लहान नाही. कारण तिच्यात दात अडकण्याची भोके दोन्ही कडांना न ठेवता दोन चौकटींच्या मध्ये एकच ठेवले होते. त्यामुळे कडेची जागा वाचली. पाथेने आणखी एक युक्ती केली. मजकुराची पाटी दाखवायला अनेक चौकटी खर्च करण्याऐवजी फितीच्या कडेला खाच पाडली. खाच आली, की यंत्र तीच चौकट काही सेकंद रोखून धरी. फीत वाचली, पण थांबलेली चौकट उष्णतेने करपू नये म्हणून दिवा मंद ठेवावा लागे. एका बाजूने वाचवलेले दुसऱ्या बाजूने द्यावे लागते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

त्या काळी प्रक्षेपकांची तुलना दिव्याच्या वॅटवर होई : ५००, ७५० किंवा १००० वॅट. मुंबईत १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट १६ मिलिमीटरच्या यंत्रावर पाहिलेल्या शिक्षकांना त्या यंत्राची धग आठवत असेल. पण वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाई आणि उरलेल्या प्रकाशातलाही मोठा भाग फिरती झडप अडवी. चौकट बदलताना अंधार करणे भागच होते. शिवाय लुकलुक डोळ्यांना जाणवू नये म्हणून एकेक चौकट दोनदा किंवा तीनदा झाकत, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ झपके होत.

तीन नळ्या, स्फटिक आणि आरसे

दूरचित्रवाणी आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. अमेरिकेत हेन्री क्लॉस याने १९७२ साली ‘अ‍ॅडव्हेंट व्हिडिओबीम’ हा घरगुती प्रक्षेपक आणला. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन नळ्यांची चित्रे पडद्यावर एकावर एक बसवली जात. किंमत सुमारे अडीच हजार डॉलर होती. नळ्यांचा प्रकाश अपुरा पडे, म्हणून पडदा चंदेरी आणि अंतर्वक्र केला होता. तो समोरच्या प्रेक्षकांकडे जास्त प्रकाश परतवी, पण बाजूला बसणाऱ्यास चित्र अंधूक दिसे. पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, तो फक्त त्याची वाटणी बदलतो.

या नळ्यांचा एक गुण मात्र पुढच्या यंत्रांना बराच काळ साधला नाही. जिथे काळे दाखवायचे तिथे नळी प्रकाश निर्माणच करत नसे, त्यामुळे रात्रीची दृश्ये खरोखर काळी दिसत. तिचा दोष असा, की प्रखरता वाढवायला इलेक्ट्रॉनांचा झोत वाढवला, की तो जाड होई आणि चित्र पुसट दिसे. तीन चित्रे बिनचूक एकावर एक जुळवणे हेही कसबी काम होते.

१९८९ साली जपानच्या एप्सन आणि शार्प या कंपन्यांनी द्रवस्फटिकाचे छोटे प्रक्षेपक विक्रीस आणले. येथे दिवा वेगळा आणि चित्र वेगळे. जणू हायगेन्सचा कंदीलच परत आला, फक्त रंगवलेल्या काचेच्या जागी क्षणोक्षणी बदलणारी काच आली. दिवा हवा तेवढा प्रखर करता येऊ लागला. पण ही काच पूर्ण बंद होत नाही, थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे काळा रंग राखाडी दिसे. सुरुवातीच्या यंत्रांत बिंदूंमधल्या रेषा डासाच्या जाळीसारख्या दिसत.

दुसरी वाट आरशांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली अशी चकती तयार केली, की जिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे बसवता येतात. त्यावर चालणारे प्रक्षेपक १९९६ मध्ये बाजारात आले. त्यांतल्या एका आरशाची बाजू सुमारे १६ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. आरसा एका बाजूला कलला की प्रकाश पडद्यावर, दुसऱ्या बाजूला कलला की आतल्या काळ्या भिंतीवर. करडी छटा दाखवायला आरसा सेकंदाला हजारो वेळा हलतो आणि उजेड-अंधाराच्या वेळेचे प्रमाण बदलतो. घरगुती यंत्रात अशी एकच चकती असते आणि तिच्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या पाकळ्यांचे चाक फिरते. रंग एकामागून एक येतात, म्हणून नजर झर्रकन फिरवली तर काहींना इंद्रधनुष्यासारखी किनार दिसते. हॉर्नबेक यांना या कामासाठी २०१५ साली ऑस्करचा तंत्रविषयक पुरस्कार मिळाला.

या दोन्ही वाटांना १९९०च्या दशकात मदत झाली ती एका दिव्याची. अतिउच्च दाबाच्या पारदवाफेच्या या दिव्यात प्रकाश देणारी कमान जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते. ड्रमंडच्या चुन्याचा धडाच येथे पुन्हा गिरवला गेला. आजचे लेसर प्रक्षेपक याच वाटेवर आणखी पुढे गेले आहेत.

नऊ ठिकाणे आणि सोळा चौकटी

इतक्या तऱ्हांची यंत्रे आल्यावर ‘कोणाचे चित्र उजळ’ हे ठरवायचे कसे? पडद्याच्या मध्यभागी उजेड सर्वांत जास्त असतो. तेवढाच मोजला, तर आकडा फुगतो. म्हणून १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, ‘अ‍ॅन्सी’ने, एक रीत ठरवून दिली. पूर्ण पांढऱ्या चित्राचे तीन ओळी आणि तीन स्तंभ असे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्समध्ये प्रदीपन मोजायचे आणि सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने, चौरस मीटरमध्ये, गुणायचे. येणारा आकडा म्हणजे अ‍ॅन्सी ल्यूमेन. कॉन्ट्रास्टसाठी बुद्धिबळाच्या पटासारख्या सोळा काळ्या-पांढऱ्या चौकटी एकाच वेळी दाखवून त्यांच्या सरासरींचे गुणोत्तर काढायचे. पुढे याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानकही झाले.

नियम आला, तशा पळवाटाही आल्या. पहिली म्हणजे ‘अ‍ॅन्सी’ हा शब्दच गाळायचा. नुसते ‘ल्यूमेन’ लिहिले, की तो आकडा आतल्या दिव्याचा आहे की पडद्यावर पोहोचलेल्या प्रकाशाचा, ते ग्राहकाला कळत नाही. दुसरी म्हणजे रंगचाकात एक बिनरंगी पाकळी घालायची. पांढरे चित्र मोजताना आकडा वाढतो, पण लाल आणि पिवळा पूर्वीइतकेच राहतात आणि त्या पांढऱ्याशेजारी मळकट दिसतात. तिसरी कॉन्ट्रास्टची. एकदा संपूर्ण पांढरे चित्र मोजायचे, मग संपूर्ण काळे चित्र ठेवून त्या वेळी दिवाच मंद करायचा. असे गुणोत्तर लाखाच्या घरातही नेता येते. सोळा चौकटींच्या परीक्षेत तेच यंत्र शेकड्यांत येते.

वर्गातले गणित

आता शाळेकडे परत येऊ. त्यांचा पडदा २ मीटर × १.५ मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर. खोक्यावरचे ३००० ल्यूमेन खरे मानले, तरी पडद्यावर प्रत्येक चौरस मीटरला १००० लक्स मिळतात. खिडक्या उघड्या असताना पडद्यावर बाहेरचा उजेडच सुमारे ५०० लक्स पडतो असे धरू. मग चित्रातला पांढरा भाग १००० + ५०० = १५०० लक्स आणि काळा भाग, प्रक्षेपकाने काहीच प्रकाश न टाकताही, ५०० लक्स. गुणोत्तर ३ : १. खोक्यावरचे १०,००० : १ दुपारच्या वर्गात ३ : १ होऊन बसले. प्रक्षेपक उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही.

६००० ल्यूमेनचे यंत्र आणले तर? पांढरा २५०० आणि काळा ५००, गुणोत्तर ५ : १. दुपटीहून अधिक पैसे आणि सुधारणा एवढीच. त्याऐवजी जाड पडदे लावून बाहेरचा उजेड ५० लक्सवर आणला, तर जुन्याच यंत्राने पांढरा १०५० आणि काळा ५०, म्हणजे २१ : १. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्याची ठरलेली दीप्ती चौरस मीटरला ४८ कँडेला आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी सुमारे १५० लक्स लागतात. म्हणजे पूर्ण अंधारात आपल्या तीन चौरस मीटरला ४५० ल्यूमेनही पुरतील.

लेसरचे यंत्र घ्यावे का, असेही विचारले गेले. लेसरचा उजेड साधारण २०,००० तासांनी निम्म्यावर येतो, असे उत्पादक सांगतात. दिव्याचे आयुष्य ३००० तास धरू. वर्षाला २०० दिवस, रोज दोन तास असा वापर ४०० तासांचा होतो, म्हणजे एक दिवा सात वर्षे चालेल. लेसरच्या आयुष्याचा फायदा शाळेला दिसायला पन्नास वर्षे लागतील. घरी रोज तीन तास चित्रपट पाहणाऱ्याचा दिवा मात्र तीन वर्षांच्या आतच बदलावा लागेल, त्याचा हिशोब वेगळा. स्वस्त-महाग हे यंत्रावर लिहिलेले नसते, ते वापरावर ठरते.

करून पाहा

हे सारे विद्यार्थ्यांकडून मोजून घेता येईल. मोबाईलवरच्या प्रदीपन मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा फार बिनचूक नसतो, पण तुलनेसाठी चालतो. एकच मोबाईल वापरावा आणि त्याचे तोंड प्रक्षेपकाकडे ठेवावे.

१. आधी यंत्र बंद ठेवून पडद्यावरचा उजेड मोजा. मग पांढरे चित्र लावून नऊ ठिकाणी मोजा. सरासरीतून आधीचा आकडा वजा करा, क्षेत्रफळाने गुणा आणि खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

२. मध्यभागी क्रमाने पूर्ण लाल, पूर्ण हिरवे आणि पूर्ण निळे चित्र मोजा. येथेही बाहेरचा उजेड वजा करा. तिघांची बेरीज पांढऱ्याहून बरीच कमी आली, तर बिनरंगी पाकळीचा संशय घ्यायला जागा आहे.

३. मोबाईल नसेल, तर बुन्सेनने एकोणिसाव्या शतकात वापरलेली युक्ती करा. कागदावर तेलाचा ठिपका पाडून तो दोन दिव्यांच्या मध्ये धरा. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला, की ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो. त्या वेळी दोन्ही दिव्यांची अंतरे मोजा. दिव्यांच्या प्रखरतेचे गुणोत्तर त्या अंतरांच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे असते.

मुख्याध्यापकांना आम्ही कळवले, की यंत्र बदलू नका, खिडक्यांना अस्तराचे गडद पडदे शिवून घ्या आणि वारा येईल अशी सोय ठेवा. तसे झाले. पुढच्या वेळी गेलो, तेव्हा नववीची मुले पडद्यावर खडूने नऊ खुणा करून मोबाईल धरत होती आणि एक मुलगी फळ्यावर सरासरी काढत होती. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा त्यांचा आकडा बराच कमी आला होता. “मग खोक्यावर खोटे छापले आहे का, सर?” तिने विचारले. आम्ही तिला उलट विचारले, “त्यांनी कुठे आणि कसे मोजले, ते खोक्यावर लिहिले आहे का?” ती खोके आणायला गेली.